संत्र्याची साल, डब्यातले मूग आणि काकांचा प्रश्न

मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. केमिस्ट्रीशी माझा संबंध पहिल्या वर्षापुरता, आणि तोही जर्नल पूर्ण करण्यापुरता. त्यामुळे वनस्पतींच्या सुगंधी तेलांवरचा लेख माझ्या नावानं पाहून आमच्या वर्गातले पोट्टे हसणार, हे मला ठाऊक आहे. पण या लेखाचं मूळ कुठल्या लॅबमध्ये नाही. ते होस्टेलच्या खोलीत, माझ्या कॉटखाली ठेवलेल्या मुगाच्या डब्यात आहे.

आमचं गाव कारंजा घाडगे तालुक्यात. तिथून निघताना आईनं दोन किलो गावरान मूग बांधून दिले होते. रात्री भिजवायचे, मोड आले की सकाळी खायचे, असा बेत. बेत आठवडाभर टिकला. मग सेशनल आल्या, सबमिशन आलं. दीड महिन्यानं डबा उघडला तर आत दाण्यांपेक्षा किडेच जास्त फिरत होते आणि निम्म्याअधिक मुगांना टाचणीनं पाडावं तसं गोल छिद्र. आजीला फोन लावला.

‘‘काऊन रे बापू, मुगाले एरंडीचं तेल चोयलं नव्हतं का?’’

‘‘नाही ना आजी.’’

‘‘अन् कडूलिंबाचा पाला?’’

‘‘तोही नाही टाकला.’’

‘‘मंग किडे नाई होतीन तं काय होईन!’’

आजीचं बोलणं तिथं संपलं, माझं डोकं तिथून सुरू झालं. एरंडीच्या तेलाला काही वास नाही, ते आपण पोटातही घेतो. मग त्यानं किडा मरतो कसा?

उत्तर शोधताना पहिली गोष्ट कळली ती अशी की, ‘तेल’ या एका शब्दाखाली आपण दोन अगदी वेगळ्या वस्तू कोंबल्या आहेत. एक स्थिर तेल. शेंगदाणा, जवस, तीळ, एरंडी, निंबोळी यांचं, घाणीवर काढतात ते. त्याचे रेणू मोठे आणि जड, ग्लिसरीनला तीन लांब शेपट्या जोडल्यासारखे. ते उडून जात नाही. दुसरं बाष्पनशील तेल, म्हणजे वासाचं. लवंग, ओवा, गवती चहा, निलगिरी, संत्र्याची साल यांतलं. इंग्रजीत याला ‘इसेन्शियल ऑइल’ म्हणतात, पण त्यात ‘आवश्यक’ असं काही नाही, ‘इसेन्स’ म्हणजे अर्क, त्यावरून ते नाव आलं. फरक ओळखायची सोपी परीक्षा खोलीवर करून पाहा. वहीच्या कागदावर एक थेंब खोबरेल आणि शेजारी एक थेंब निलगिरीचं तेल टाका. संध्याकाळपर्यंत निलगिरीचा डाग जवळजवळ नाहीसा होतो. खोबरेलाचा डाग एक्स्टर्नल येईपर्यंत तसाच राहील.

पहिल्या प्रकारच्या तेलाशी आपल्या वर्ध्याचा संबंध जुना आहे. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी त्याचं काम उभं केलं. तिथे झवेरभाई पटेलांनी बैलघाणीत ज्या सुधारणा केल्या, त्यांतून ‘वर्धा घाणी’ हे नाव देशभर गेलं. वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ नावाचा कंदीलही तिथलाच. त्याच मगनवाडीत आता महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, म्हणजे आपण जिला एमगिरी म्हणतो ती आहे. सांगायचा मुद्दा, तेलाचं यंत्र हा आपल्या जिल्ह्यात मेकॅनिकलवाल्याला परका विषय नाही.

आता आजीचं एरंडीचं तेल. मुगातल्या भुंगेऱ्याची मादी अंडं दाण्याच्या आत घालत नाही, वरून सालीला चिकटवते. अंड्यातून निघालेली अळी साल कोरून आत शिरते, आतलं खाऊन वाढते आणि प्रौढ भुंगेरा होऊन ते गोल छिद्र पाडत बाहेर येतो. बाहेर आलेला भुंगेरा दाणे खात नाही, त्याला फक्त पुढची अंडी घालायची असतात. दाण्यावर तेलाचा पातळ थर असला की अंड्याला हवा मिळत नाही आणि अळी बाहेर येण्याआधीच खेळ संपतो. म्हणजे इथं विष नाहीच, गुदमरणं आहे. आजीचा उपाय केमिकल नसून मेकॅनिकल निघाला, याचा मला थोडा अभिमान वाटला.

कडुलिंबाची गोष्ट वेगळी. निंबोळीत अ‍ॅझाडिरॅक्टिन नावाचं द्रव्य असतं. ते किड्याची खाण्याची इच्छा मारतं आणि अळीची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली दाखवलं की, निंबोळीच्या गराचं पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत. हा रेणू इतका गुंतागुंतीचा आहे की प्रयोगशाळेत तो पूर्णपणे बनवायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला २२ वर्षं लागली, २००७ साली ते जमलं. आणि आपल्या गावातल्या निंबाला तो दर उन्हाळ्यात जमतो. पण लक्षात घ्या, अ‍ॅझाडिरॅक्टिन उडून जात नाही, म्हणून ते बाष्पनशील तेलांच्या यादीत बसत नाही. बाजारात मात्र ‘हर्बल’ म्हणून सगळं एकाच टोपलीत विकलं जातं.

मला मोह पडला तो वासाच्या तेलांचा. कारण आमच्या भागात संत्रा. कारंजा, आर्वी, आष्टीकडच्या बागांतून आंबिया आणि मृग अशा दोन्ही बहारांचा माल निघतो आणि वर्ध्याच्या रसवाल्यांच्या गाड्यांमागे सालींचे ढीग पडतात. साल नखानं दाबली की डोळ्यात उडतं ते हेच तेल. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास एकच द्रव्य असतं, लिमोनिन. १० कार्बन आणि १६ हायड्रोजन, रेणुभार १३६.

हे ‘१० कार्बन’ प्रकरण जरा समजून घेण्यासारखं आहे. वनस्पती ५ कार्बनचा एक तुकडा बनवते, आयसोप्रीनसारखा, आणि लेगोच्या ठोकळ्यांसारखे ते जोडत जाते. दोन जोडले की मोनोटर्पीन, तीन जोडले की सेस्क्विटर्पीन. लिमोनिन हे दोन ठोकळ्यांचं. त्याच सांगाड्याला ऑक्सिजन वेगवेगळ्या जागी चिकटला की गुण बदलतात. गवती चहाचा वास सिट्रालचा, ओव्याचा झणका थायमॉलचा, निलगिरीचा गारवा सिनिओलचा. लवंगेतलं युजेनॉल मात्र या कुटुंबातलं नाही, ते बेंझीनच्या कड्यावर बांधलेलं. आपली तुळस कधी युजेनॉल देते तर कधी त्याचंच भावंड मिथाइल युजेनॉल जास्त देते. जात, जमीन, हंगाम, पानाचं वय, सगळ्यानं प्रमाण बदलतं. ‘तुळशीचं तेल’ म्हटल्यानं बाटलीत नेमकं काय आहे ते कळत नाही, हे ध्यानात ठेवा.

तेल काढायची पद्धत म्हणजे वाफेचं ऊर्ध्वपातन. लिमोनिन उकळतं १७६ अंशांना. मग १०० अंशांच्या वाफेनं ते बाहेर येतं कसं? व्हायव्हाला विचारण्याजोगा प्रश्न आहे, म्हणून उत्तर देऊनच टाकतो. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघं आपापला बाष्पदाब स्वतंत्रपणे देतात. दोन्हींची बेरीज हवेच्या दाबाएवढी, म्हणजे ७६० मिलिमीटर पारा झाली की मिश्रण उकळतं. ९७.५ अंशांना पाण्याचा दाब सुमारे ६९५ आणि लिमोनिनचा सुमारे ६६. बेरीज झाली. म्हणजे मिश्रण पाण्याच्याही आधी उकळतं! आता दाबाला रेणुभारानं गुणा. तेलाचे ६६ गुणिले १३६, पाण्याचे ६९५ गुणिले १८. गुणोत्तर येतं ०.७. म्हणजे सिद्धांतानुसार एक ग्रॅम पाण्याच्या वाफेबरोबर पाऊण ग्रॅमच्या आसपास तेल यायला हवं. जड रेणूला त्याच्या जडपणाचा असा फायदा मिळतो.

प्रत्यक्षात आम्हाला याच्या दहाव्या हिश्श्यानंही मिळालं नाही, कारण तेल सालीतल्या पिशव्यांत कोंडलेलं असतं आणि वाफ तिथवर पोचायला वेळ घेते. यंत्र आमचंच होतं. जुना पाच लिटरचा कुकर, शिटी काढून त्या नळीला तांब्याची गुंडाळी, गुंडाळी बादलीतल्या गार पाण्यात. किलोभर सालींना चार मिलिलिटर तेल, तेही दोन तासांनी. कुणी करून पाहणार असाल तर दोन गोष्टी. वाफेची वाट कधीही बंद होऊ देऊ नका, आणि तेल जमतं तिथं उघडी ज्योत ठेवू नका. लिमोनिनची वाफ ५० अंशांच्या आतच पेट घेऊ शकते. आम्ही हॉटप्लेट वापरली, रेक्टर सरांच्या परवानगीनं, हेही इथं नोंदवतो.

पहिला थेंब आम्ही थर्माकोलच्या तुकड्यावर टाकला. डोळ्यांदेखत खड्डा पडला. लिमोनिन तेलकट पदार्थांना आणि पॉलिस्टायरीनला सहज विरघळवतं. किड्याच्या अंगावर पाणी टिकवून धरणारा मेणाचा थर असतो, त्यालाही ते असंच छेडतं. दुसरा मार्ग श्वासाचा. किड्याला आपल्यासारखं नाक आणि फुप्फुस नाही, कुशीवरच्या बारीक रंध्रांतून हवा थेट आत जाते, तिच्याबरोबर ही वाफही जाते. तिसरा मार्ग मज्जासंस्थेचा. किड्यांच्या शरीरात ऑक्टोपामिन नावाचं एक संदेशवाहक द्रव्य महत्त्वाचं काम करतं. युजेनॉलसारखे रेणू त्याच्या कामात ढवळाढवळ करतात, असं संशोधन सांगतं. आपल्या शरीरात ऑक्टोपामिन नाममात्र असतं, म्हणून तोच घाव आपल्याला तितका लागत नाही. उंदरांवरच्या चाचण्यांचे आकडे बघा. निम्मे उंदीर दगावतील असा तोंडावाटे डोस, वजनाच्या दर किलोला, मोनोक्रोटोफॉसचा १८ मिलिग्रॅमच्या आसपास, लिमोनिनचा ४,००० मिलिग्रॅमच्या वर.

मग आम्ही बरण्या मांडल्या. प्रत्येकीत त्या डब्यातले जिवंत भुंगेरे आणि मूठभर मूग. एका बरणीत काहीच नाही, तुलनेसाठी. दुसरीत टिपकागदावर संत्र्याचं तेल आणि घट्ट झाकण. तिसरीत तेवढंच तेल, पण झाकणाऐवजी मलमलचं फडकं. दुसऱ्या दिवशी झाकणाच्या बरणीत जवळजवळ सगळे उताणे. फडक्याच्या बरणीत बहुतेक सगळे आरामात चालत होते. तेल तेच, किडे तेच, फरक फक्त वाफ कोंडली की नाही एवढाच. आणि खरी गंमत तीन आठवड्यांनी झाली. झाकणाच्या बरणीतल्या मुगांतून नवे भुंगेरे बाहेर आले! दाण्याच्या आत दडलेल्या अळ्यांपर्यंत आमची वाफ पुरेशी पोचलीच नव्हती.

हा निकाल मी आधी नीट समजून घ्यायला हवा होता. मी घेतला नाही, आणि इथं माझी चूक सांगणं भाग आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात मी आठवीत होतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्याच हंगामात आमच्या काकांना बाधा झाली. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, फवारा तोंडासमोर, अंगात साधा शर्ट. संध्याकाळी घरी आले तेव्हा घामानं चिंब, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. चार दिवस दवाखान्यात काढून ते घरी आले, पण त्यानंतर कित्येक महिने त्यांना संध्याकाळचं अंधुक दिसायचं. फॉस्फरसची ही विषं जे विकर रोखतात ते किड्यात आणि माणसात जवळपास सारखंच आहे, म्हणून हे होतं. आमच्याकडे या विषाला ‘औषध’ म्हणतात. ‘औषध मारलं का?’ असं विचारतात. लहानपणापासून ऐकत आलो, पण त्या वर्षापासून तो शब्द मला खटकतो.

तर दिवाळीच्या सुट्टीत मी काकांना आमच्या कुकरची आणि उताण्या भुंगेऱ्यांची गोष्ट रंगवून सांगितली. काका ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘‘तुह्या या तेलानं बोंडअळी मरते का, हे सांग मले.’’

मी म्हणालो, ‘‘मरेल की काका.’’

काकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. यंदाच्या हंगामात अर्धा एकर विनाऔषधाचा ठेवतो म्हणाले. मी होस्टेलला परतलो आणि मग कागदावर हिशेब मांडला, जो आधी मांडायला हवा होता. एकराला फवारणीचं द्रावण धरा २०० लिटर. त्यात १ टक्का तेल म्हणजे २ लिटर. आमच्या कुकरनं २ लिटर तेल काढायचं तर साल लागते ५०० किलो, म्हणजे अंदाजे दोन टन संत्री सोलावी लागतील. एका एकराच्या एका फवारणीला! बरं, तेवढं तेल आणलंच तरी उघड्या शेतात ते टिकणार किती? आमची फडक्याची बरणी म्हणजेच शेत होतं. आणि गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात बोंडात शिरते. मुगाच्या दाण्यातल्या अळीसारखी ती आत सुरक्षित. म्हणजे उत्तर माझ्या तिसऱ्या आणि दुसऱ्या बरणीनं आधीच दिलं होतं, मी फक्त पहिल्या रात्रीचे उताणे किडे मोजून खूश झालो होतो.

काकांना फोन करून सगळं सांगितलं. लाज वाटली. ते म्हणाले, ‘‘चार तासावर मारून पाहू, बाकीच्याले हात नको लावू.’’ आमच्याकडे पिकाच्या ओळीला तास म्हणतात. शनिवारी जाऊन चार तासांवर साबणाच्या पाण्यात फेटलेलं तेल फवारलं. तिसऱ्या दिवशी काकांनी कळवलं, पानांच्या कडा करपल्या. पानांवरही मेणाचा थर असतोच ना! थर्माकोल पाहिल्यावर हे सुचायला हवं होतं. बोंडं फोडून पाहिली, अळ्या आत मजेत.

हाच उडून जाण्याचा गुण डासांच्या बाबतीतही आडवा येतो. सिट्रोनेला तेल लावलं की डास येत नाहीत हे खरं, पण किती वेळ? २००२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा मलमांची तुलना छापून आली. सुमारे २४ टक्के डीट असलेल्यानं पाच तास संरक्षण दिलं. सिट्रोनेलाच्या बहुतेकांनी वीस मिनिटंही नाही. गंमत म्हणजे साध्या सोयाबीन तेलाच्या एका मलमानं दीड तास दिला. लिंबाच्या वासाच्या निलगिरीतून मिळणारं पीएमडी हे द्रव्य मात्र बरंच टिकतं. का? त्यात हायड्रॉक्सिलचे दोन गट आहेत, रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधानं धरून ठेवतात, त्यामुळे सावकाश उडतात. कच्च्या तेलात ते अगदी थोडं असतं, त्यातल्या सिट्रोनेलालपासून ते बनवावं लागतं. म्हणजे नैसर्गिक वस्तूला थोडं केमिस्ट्रीनं हाताळल्यावर ती कामाची झाली.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ ही समजूतही सोडायला हवी. तंबाखूतलं निकोटिन नैसर्गिकच आहे आणि उंदरांसाठी ते थायमॉलच्या अनेक पटींनी विषारी. निलगिरीचं तेल लहान मुलानं चमचाभर प्यायलं तर झटके येऊ शकतात. संत्र्याचं तेल उघड्यावर जुनं झालं की हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि मग ते त्वचेला ॲलर्जी देतं. म्हणून ते गडद काचेच्या, काठोकाठ भरलेल्या बाटलीत ठेवावं. प्लॅस्टिकचा भरवसा नाही, थर्माकोलचं काय झालं ते सांगितलंच.

काकांच्या शेताला वासाचा उपयोग अगदीच नाही असं मात्र नाही. गुलाबी बोंडअळीची मादी नराला बोलावण्यासाठी एक गंध सोडते. त्याची कृत्रिम नक्कल, गॉसिप्ल्युअर, रबरी गोळीत भरून कामगंध सापळ्यात लावतात. १६ कार्बनची साखळी, सावकाश उडणारी, मिलिग्रॅमनं मोजायची. किडा मारायचा नाही, मोजायचा. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर फवारणीची वेळ झाली, नाही तर पंप खुंटीला. एकराला दोन सापळे पुरतात. काकांनी लावलेत, आणि पतंगांचा आकडा रोज भिंतीवर खडूनं लिहितात. सुरुवातीच्या दिवसांत फवारणीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून १०० लिटर पाण्यात. निंबोळ्या आजी जमा करते.

आता होस्टेलवाल्यांसाठी. घरून कडधान्य आणत असाल तर आधी दोन दिवस कडक उन्हात वाळवा, किलोला चमचाभर एरंडीचं तेल हातानं चोळा, आणि झाकण फिट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात भरा. आत लवंगा टाकायच्या असतील तर टाका, पण डबा रोज उघडून गप्पा मारत बसलात तर लवंगेचा काही उपयोग नाही. खायच्या आधी धुऊन घ्या.

आमचा कुकर अजून चालू आहे. पुढचा प्रयत्न वाफ सावकाश सोडणाऱ्या गोळीचा, मातीत किंवा मेणात तेल मुरवून. त्यासाठी साली हव्या आहेत. संत्री खाल्ल्यावर साल खिडकीतून खाली टाकण्याऐवजी दुसऱ्या मजल्यावर जिन्याजवळ ठेवलेल्या बादलीत टाका. केळ्याची नको, परवा कुणीतरी तीही टाकली होती.